चिराग-बत्तीची जमीन: वक्फचं भांडण सातबाऱ्यापासून समजून घेऊ

डिसेंबर २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तळेगावच्या १०३ शेतकऱ्यांच्या हातात नोटिसा पडल्या. छत्रपती संभाजीनगरच्या वक्फ न्यायाधिकरणाच्या. तुम्ही कसता ती सुमारे तीनशे एकर जमीन वक्फची आहे, असा दावा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, सातबारा स्वतःच्या नावचा, आणि अचानक हे. बघता बघता बातमी देशभर पोचली. हा दावा आम्ही केलेला नाही, असा खुलासा वक्फ बोर्डाकडून आला, पण तो फार कुणाच्या कानावर गेला नाही.

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या स्टँडसमोरच्या टपरीवर पाटीलकाकांनी मला धरलं. "का रे, हे वक्फवाले उद्या आपल्या रानात पाटी ठोकायलेत का?" बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला दर्ग्याचे चाचा बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "पाटील, आमचीच जमीन कुठं गेली ते आमाला घावंना, तुमची कुठून घेतो?"

दोघांचंही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे कळलं की वक्फचा निम्मा गुंता सुटतो.

वक्फ म्हणजे नेमकं काय

अरबीत वक्फ म्हणजे थांबवणं, रोखून धरणं. जुन्या मराठी कागदांत 'मौकूफ' हा शब्द भेटतो, अमुक काम मौकूफ ठेवावं असा. तो याच मुळाचा. हा रिवाज कुराणापेक्षा हदीसवर, म्हणजे पैगंबरांच्या वचन-आचाराच्या परंपरेवर उभा आहे. पैगंबरांचे सोबती उमर यांना अरबस्तानातल्या खैबरमध्ये चांगली जमीन मिळाली, तिचं काय करू असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. उत्तराचा आशय असा, की मूळ रोखून ठेव आणि फळ वाटून टाक. तेव्हापासून ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर संभाजीनगरची पाणचक्की बघा. वक्फ बोर्डाचं कार्यालयही तिथंच आहे. हर्सूलकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून अठराव्या शतकात तिथं जातं फिरवलं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांना, विद्यार्थ्यांना, वाटसरूंना त्या पिठाची भाकरी मिळायची. पीठ कुणीही न्यावं, झरा मात्र कुणी विकू नये. वक्फ म्हणजे एवढंच.

शब्द तीनच लक्षात ठेवा. जमीन देणारा तो वाकिफ. ती सांभाळणारा मुतवल्ली. तो मालक नसतो, राखणदार असतो. आणि सगळ्या मुतवल्लींवर देखरेख ठेवायला कायद्यानं नेमलेलं ते वक्फ बोर्ड. मालक कोण, तर अल्ला. हे ऐकून हसू नका. गावच्या मारुतीच्या जमिनीचा सातबारा काढून बघा, मालक म्हणून मारुती देवस्थान दिसेल, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव असावं, पुजाऱ्याचं नाही.

आमच्याकडं हा गुंता एवढा का

काही वर्षांपूर्वी पाटीलकाका आणि चाचा, दोघांबरोबर मी जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात गेलो होतो. दोघांची कामं वेगवेगळी होती. चाचांना दर्ग्याच्या जमिनीचा कागद हवा होता. काकांच्या वडिलांनी सत्तरच्या दशकात चाचांच्या चुलत्याकडून चार एकर घेतले होते, त्याच्या सातबाऱ्यावरचा वर्ग, म्हणजे विकायची मोकळीक आहे की बंधन, तो बदलायची भानगड निघाली होती. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, धूळ, आणि सगळं उर्दूत. वाचायला एक निवृत्त उर्दू शिक्षक सोबत नेले होते. तासाभरानं त्यांना मुंतखब सापडला. इनाम कुणाला, किती आणि कशासाठी दिलं हे सांगणारा निजामाच्या काळचा कागद म्हणजे मुंतखब. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं: अठरा एकर, बराए चिराग-बत्ती. दर्ग्यात दिवा लावण्यासाठी. त्याच गठ्ठ्यात पुढचा कागद आमच्या मारुतीच्या देवळाचा होता. कारण तेच, दिवाबत्ती.

मराठवाड्याच्या जमिनीच्या इतिहासात दोन शब्द सारखे आडवे येतात, मदतमाश आणि खिदमतमाश. दोन्ही इनामं. मदतमाश म्हणजे एखाद्या माणसाच्या उपजीविकेला मदत म्हणून दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे सेवेच्या बदल्यात दिलेली: अजान द्या, झाडलोट करा, उरूस भरवा, दिवा लावा आणि त्या जमिनीवर खा. मदतमाशची तुलना पेन्शनशी होईल. खिदमतमाश म्हणजे रेल्वेचं क्वार्टर. नोकरी आहे तोवर राहा, मुलाला नोकरी लागली तर तोही राहील, पण क्वार्टर विकता येत नाही.

आणि नेमकी क्वार्टरं विकली गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं. त्याआधी रझाकारांनी गावंच्या गावं छळली होती. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. त्यानंतर उलटा सूड उसळला. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेले जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. माणसं मारली गेली, पळाली, घरं-जमिनींचे ताबे बदलले. वक्फ म्हटलं की आमच्याकडं एका घरात रझाकार आठवतो आणि शेजारच्या घरात ॲक्शन, ते यामुळं. हा विषय इथं नुसता कायद्याचा राहत नाही.

१९५४ च्या हैदराबाद कायद्यानं इनामं खालसा झाली, पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामं वगळली. म्हणजे कुठलं इनाम व्यक्तीचं आणि कुठलं सेवेचं, हा फरक आता जिवामरणाचा झाला. नेमक्या त्याच सुमारास उर्दू कागद मागं पडून मराठी नोंदी आल्या, १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आलं. नक्कल करताना 'खिदमतमाश' हा शब्द कुठं इतर हक्काच्या रकान्यात राहिला, कुठं गळाला. मुजावराच्या, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्याच्या, वारसाला वाटलं जमीन आजोबाची. घेणाऱ्याला सातबारा कोरा दिसला. खरेदीखत झालं, मुद्रांक भरला, फेरफार ओढला गेला. यात चोर कोण, हे दर गावात वेगळं निघेल. काही ठिकाणी खरंच चोर आहेत, आणि ते सगळ्या पक्षांत, सगळ्या जातींत आहेत. मुतवल्ली म्हणून मिरवणारेही त्यात आहेत.

आता तेच गठ्ठे कुणबी नोंदी शोधायला सोडले गेले आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. वक्फसाठी तेवढ्या उत्साहानं कुणी ते उघडले असते, तर निम्मे खटले उभेच राहिले नसते.

आणखी एक गंमत. १९५४ चा वक्फ कायदा महाराष्ट्रात फक्त मराठवाड्यात लागू होता. बाकी राज्यातले मुस्लिम ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडं, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. १९९५ च्या केंद्रीय कायद्यानंतर सगळ्या महाराष्ट्राचं एक बोर्ड झालं, त्यावर उच्च न्यायालयात वाद झाला, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बोर्ड कायम ठेवताना हेही सांगितलं की मुसलमानांचा प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट म्हणजे वक्फ नव्हे.

"बोर्डानं बोट दाखवलं की जमीन त्यांची, असंच ना?"

पूर्ण खोटं नाही. १९९५ च्या कायद्यात कलम ४० होतं. एखादी मालमत्ता वक्फची वाटली तर बोर्डानं चौकशी करावी आणि स्वतःच निर्णय द्यावा. ज्याचा दावा त्याचाच निवाडा, हे कुणालाही खटकेल, आणि खटकायलाच हवं. पण निर्णयावर न्यायाधिकरण होतं आणि वर उच्च न्यायालयही होतं.

माझ्या मते खरी मेख दुसरीकडं होती. साधारण नियम असा, की कुणी तुमच्या जमिनीवर उघडपणे बसला आणि तुम्ही बारा वर्षं गप्प राहिलात, तर तुमचा दावा मुदतबाह्य होतो. वक्फच्या जमिनीला १९९५ च्या कायद्यानं ही मुदत लावलीच नव्हती. पन्नास वर्षांनीही दावा चालणार. जोडीला १९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: एकदा वक्फ ते कायम वक्फ. तळेगावच्या शेतकऱ्याची झोप उडते ती इथं.

२०२५ च्या दुरुस्तीनं कलम ४० काढलं आणि मुदतीचा कायदा पुन्हा लावला. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, मान्य. पण तोच दिलासा शहरातल्या कब्रस्तानाच्या कडेचे प्लॉट पाडून विकणाऱ्यालाही मिळाला. कायद्याला दोघांतला फरक दिसत नाही, त्याला फक्त वर्षं मोजता येतात.

"हिंदूंना असलं काही नाही, मग यांनाच का?"

आहे की. आणि मराठवाड्यात तर एकाच सरकारच्या एकाच टेबलावरून वाटलेलं आहे. निजामाच्या राज्यात उमूर-ए-मजहबी नावाचं खातंच होतं, धर्माची कामं बघणारं. ते मशिदींसोबत देवळांचंही बघायचं. तुळजापूरच्या भवानी मंदिराचा कारभार कसा चालावा याची नियमावली १९०९ मध्ये निजामाच्या राजवटीत झाली, तिचं नाव देऊळ-ए-कवायत. पुजाऱ्यांचे हक्क आणि मंदिराच्या शिस्तीवरून तुळजापुरात वाद झाला की आजही तिचा दाखला निघतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचा स्वतंत्र कायदा १९५६ चा, तोही हैदराबाद राज्याच्या विधिमंडळाचा. देवस्थान इनामांची अवस्था बघायची तर आपापल्या तालुक्यात चौकशी करा: गुरवाकडं किती उरली आणि पुढाऱ्यांकडं किती गेली.

फरक आहे तो देखरेखीच्या पद्धतीत. देवस्थानांना कुठं धर्मादाय आयुक्त, कुठं सरकारी समिती; वक्फला धर्माच्या नावानं स्वतंत्र बोर्ड आणि स्वतंत्र न्यायाधिकरण. हा फरक असावा का, यावर भांडायला हरकत नाही. दोन्ही बाजूंना तिथं म्हणण्यासारखं आहे.

"इस्लाममध्ये धर्म आणि राज्य एकच, म्हणून हे सगळं"

टीव्हीवर या प्रश्नाची दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणतो, इस्लाम म्हणजेच राजकारण. दुसरा म्हणतो, धर्माचा याच्याशी काही संबंध नाही. वक्फचा इतिहास उघडला की दोघंही गोत्यात येतात.

मध्ययुगात सुलतानाची मर्जी फिरली की सरदाराची मालमत्ता जप्त. पण एकदा ती अल्लाच्या नावे केली की सुलतानालाही हात घालणं जड जायचं, कारण मग गाठ उलेमांशी, म्हणजे धर्मपंडितांशी होती. त्यामुळं आज आपली नगरपालिका करते ती किती तरी कामं तेव्हा वक्फ करायचे. कैरोमध्ये सुलतान कलावूनचा दवाखाना १२८४ चा, वक्फवर चालणारा. जेरुसलेममध्ये सुलतान सुलेमानच्या बेगमेनं १५५२ मध्ये काढलेलं अन्नछत्र आजही गरिबांना जेवायला घालतं. म्हणजे इथं धर्म राज्याला चिकटलेला नव्हता, उलट राजाच्या हातापासून काही गोष्टी दूर ठेवायला वापरला जात होता.

पण दुसऱ्याचं म्हणणंही टिकत नाही. धर्माच्या नियमानं समाजाची घडी बदललीच. मेलेल्या माणसानं घातलेल्या अटी जिवंतांना मोडता येईनात. समजा एखाद्यानं उंटांच्या पाणपोईला दुकानांचं भाडं लावून दिलं. उंट गेले, मोटारी आल्या, भाडं मात्र पाणपोईच्याच नावावर. तिमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञाची मांडणी अशी, की एवढा पैसा अशा न हलणाऱ्या खात्यांत अडकला, आणि एकत्र भांडवल उभारणारी कंपनीसारखी रचना तिथं वेळेत घडली नाही, म्हणून मध्यपूर्व युरोपच्या मागं पडली. सगळ्यांना ती पटत नाही, पण सहज उडवून लावण्यासारखीही नाही.

बरं, 'इस्लाम सांगतो' म्हणजे कोण सांगतो? सोळाव्या शतकात तुर्कस्तानात रोख पैशाचे वक्फ फोफावले. पैसा उधार द्यायचा आणि त्याच्या वाढाव्यातून धर्मकार्य करायचं. व्याज तर निषिद्ध! बिरगिवी नावाच्या पंडितानं कडाडून विरोध केला. साम्राज्याचा सर्वोच्च मुफ्ती एबुस्सूद म्हणाला, चालेल, लोकांचं भलं होतंय. दोघंही कट्टर सुन्नी, दोघंही हनफी, म्हणजे एकाच न्यायपंथाचे.

पुढं आधुनिक सरकारं आली आणि वक्फवर त्यांचा डोळा पडला. तुर्की सुलतानानं १८२६ मध्ये ते सरकारी खात्याखाली आणले. सीरियानं १९४९ मध्ये आणि इजिप्तनं १९५२ मध्ये कौटुंबिक वक्फ, म्हणजे वारसांच्या भल्यासाठी केलेले वक्फ, बंद करून टाकले. आपल्याकडं उलटं झालं. १८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, अशा वक्फांना धर्मादाय मानायला नकार दिला. त्यावर मुस्लिम समाजात नाराजी पसरली आणि जीनांनी आणलेल्या विधेयकानं १९१३ मध्ये ते पुन्हा वैध झाले. धर्म एकच, ग्रंथ एकच. कैरोत बंद झालं ते कलकत्त्यात चालू राहिलं, आणि दोन्हीकडं निर्णय घेतला तो सत्तेनं. धर्म राजकारणाला कच्चा माल पुरवतो, यात शंका नाही. पण साचा कुणाच्या हातात आहे, हे विचारल्याशिवाय भांडं कुणाचं ते कळत नाही.

"एवढी जमीन आहे, मग गरीब मुसलमानाला काय मिळतं?"

सरकारच्या आकड्यानुसार देशात वक्फच्या सुमारे ८.७ लाख मालमत्ता आहेत. आकडा मोठा आहे. पण त्यात मशिदी आणि कब्रस्तानंही आली, ज्यांतून उत्पन्न निघत नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात तेव्हाच्या वक्फ मालमत्तेचा बाजारभाव १.२ लाख कोटी रुपये धरला होता आणि वर्षाचं उत्पन्न १६३ कोटी. भागाकार करा. एक लाखाच्या जमिनीमागं वर्षाला १३६ रुपये. आमच्याकडं बटईनं दिलेलं माळरानही यापेक्षा बरं पिकतं.

म्हणून 'वक्फनं देश गिळला' म्हणणारे आणि 'वक्फवर हात टाकला तर कौम बुडेल' म्हणणारे, दोघांनाही एक साधा प्रश्न विचारावा वाटतो: भाडं कोण खातंय? त्याचं उत्तर कागदांत आहे, आणि कागद काढायला गेलं तर आपल्याच माणसांची नावं निघतात. धर्मावर बोलणं सोपं पडतं.

नवा कायदा आणि न्यायालय

एप्रिल २०२५ मध्ये दुरुस्ती संसदेत मंजूर झाली; लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ मतं. 'वापरानं वक्फ', म्हणजे कागद नसला तरी पिढ्यान्‌पिढ्या मशीद किंवा कब्रस्तान म्हणून वापर आहे म्हणून वक्फ, हा प्रकार पुढच्यासाठी बंद झाला. आधी नोंदवलेले राहतील, पण वादातले किंवा सरकारी जागेवरचे सोडून. मुसलमानांचा खरा राग इथं आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या दर्ग्याचा दस्त आणायचा कुठून? आपल्या किती म्हसोबांचा दस्त आहे?

१५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयानं कायदा थांबवला नाही, 'वापरानं वक्फ' काढण्यालाही स्थगिती दिली नाही. काही कलमं मात्र रोखली. सरकारी जागेच्या वादात अधिकाऱ्यानं मालकीचा निवाडा करू नये. वक्फ करण्याआधी पाच वर्षं इस्लाम पाळत असल्याचं दाखवण्याची अट नियम होईपर्यंत लागू नाही. बिगर मुस्लिम सदस्य केंद्रीय वक्फ परिषदेच्या २२ जणांत चारपेक्षा जास्त नकोत, राज्य बोर्डाच्या अकरांत तीनपेक्षा जास्त नकोत. मालमत्ता चढवायला उमीद नावाचं पोर्टल ६ जूनपासून सुरू झालं होतं, सहा महिन्यांच्या मुदतीनं. आमच्या चाचांकडं साधा फोन आहे.

त्या अठरा एकरांचं पुढं काय झालं

मुंतखबाची नक्कल दोघांनीही घेतली. काकांना कळलं की वडिलांनी घेतलेले चार एकर त्या अठरांतलेच आहेत. चाचांना कळलं की ते विकणारा आपलाच चुलता होता. उरलेले चौदा दोन-तीन हातांतून फिरून शहरातल्या एका माणसाकडं गेलेत, त्याला गावात कुणी पाहिलेलं नाही. कोर्टात कुणीच गेलं नाही. काका म्हणाले, "नोटीस आली तर बघू." चाचा म्हणाले, "मी कशाला धाडतो नोटीस, वकिलाला देऊ काय?"

यंदाच्या उरसाला ऐन वेळी दर्ग्याची लाईट गेली. थकलेल्या बिलापायी मीटर काढून नेलं होतं. संदलची मिरवणूक निघायला तास उरलेला, चाचा अंधारात चपला शोधत होते. काकांनी पोराला पिटाळलं आणि आपल्या विहिरीच्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढून आणली, तुरीच्या ओळींमधून, बांधावरून, दर्ग्याच्या दारापर्यंत. त्याच चार एकरांतून.